शर्ट स्वच्छ, इस्त्री केलेला

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाग झाडायला आलेल्या कामगाराला पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर, दगडी पायऱ्यांच्या तळाशी, एक तरुण कुशीवर पडलेला दिसला. कामगाराने आधी हाक मारली. मग झाडूच्या दांड्याने खांदा हलवून पाहिला. मग फाटकाशेजारच्या दुकानातून पोलिसांना फोन केला. पोलीस सात वाजता आले. तरुण सव्वीस वर्षांचा होता आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा.

फाइल नवव्या दिवशी बंद झाली. तिच्यात सात कागद आहेत. तिसऱ्या कागदावर वडिलांचा जबाब आहे: मुलगा रोज पहाटे फिरायला जात असे, बूट नवे होते, पाय घसरला असावा. चौथ्यावर डॉक्टरांचा अहवाल आहे: कवटीला मार, बाहेर रक्तस्राव नाही, मृत्यू आदल्या रात्री दहाच्या सुमारास. पहाटे फिरायला निघालेला माणूस आदल्या रात्री दहा वाजता कसा वारला, हे ते दोन कागद एकत्र टाचणाऱ्याने विचारलं नाही. सहाव्या कागदावर ताब्यात घेतलेल्या वस्तूंची यादी आहे. वस्तू एकच. 'शर्ट एक, फिकट निळा, स्वच्छ, इस्त्री केलेला. संशयास्पद काही नाही.'

एकोणचाळीस पायऱ्या गडगडत आलेल्या माणसाचा शर्ट स्वच्छ आणि इस्त्री केलेला कसा, हेही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. इस्त्री त्याच्या बहिणीने केली होती.

बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर तिची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याची खोली, आणि त्यामागे दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहतात. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. लाँड्री मूळची तिच्या सासूबाईंची. सासूबाईंनी तिला धंद्याचा एकच नियम घोकून घोकून शिकवला होता: डाग आधी लिहायचा, मग पाणी लावायचं. कपडा काउंटरवर पसरायचा, उजेडात उलटासुलटा बघायचा, आणि जे काही असेल ते पावतीवर लिहून त्याची कार्बन प्रत ठेवायची. नाहीतर उद्या गिऱ्हाईक म्हणणार, हा डाग तुमच्याकडेच पडला.

तेवीस वर्षांनंतरच्या एका शनिवारी, दुपारी तीन वाजता, शहर बससेवेतला एक ड्रायव्हर तिच्या काउंटरवर आला. तो वीस-बावीस वर्षं दर शनिवारी येत होता. तीन शर्ट, दोन पँट. ताईचा भाऊ, धाकटा, गेला तेव्हा तो आणि धाकटा दोन वर्षं एकत्र होते. ताईला हे ठाऊक होतं. वडिलांना ठाऊक नाही असं ताई धरून चालली होती, आणि ठाऊक आहे असं वडिलांनी कधी दाखवलं नव्हतं.

अंधार पडला की टाकीच्या टेकडीवर पुरुष पुरुषांना भेटायला जात. हे साऱ्या शहराला माहीत होतं, आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. धाकटा गेला त्या दिवशी ड्रायव्हरची दुसरी पाळी होती. बस डेपोत लावून तो साडेदहाला टेकडीच्या वरच्या फाटकाशी पोचला. धाकटा दिसला नाही. उशीर झाला म्हणून चिडून घरी गेला असेल, असं समजून ड्रायव्हरही घरी गेला.

"ताई, हे वाच," त्याने वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं.

"चष्मा आत आहे. तूच वाच."

त्याने वाचलं. जुन्या, न उलगडलेल्या मृत्यूंपैकी जे द्वेषातून झालेल्या हल्ल्यांचे असू शकतात, त्यांचा फेरविचार करायला सरकारने समिती नेमली होती. अर्ज तीस तारखेपर्यंत. अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी, आणि फायलीत नसलेली एखादी नवी गोष्ट हवी.

"नवी म्हणजे?"

"साक्षीदार, वस्तू, कागद. नुसतं 'आम्हाला असं वाटतं' चालणार नाही म्हणे."

"बैल गेला नि झोपा केला."

"बैल पाच गेले, ताई." पाचचा हा आकडा त्याचा स्वतःचा होता. अकरा वर्षांत त्या टेकडीवर पाच पुरुष मेले. एक आचारी, एक शिकवणी घेणारे मास्तर, एक विमा एजंट, धाकटा, आणि एक ज्याचं नावच कधी कळलं नाही. पाचही फायलींत 'अपघाती' लिहिलेलं. ड्रायव्हरने ते सगळं एका शाळेच्या वहीत उतरवलं होतं आणि ती वही त्याच्या डब्याच्या पिशवीतच असायची. "तिघांच्या घरी जाऊन आलो. दोघांनी दार उघडलं. मास्तरांच्या बायकोने पाणी दिलं आणि म्हणाली, पुन्हा येऊ नका."

ताई त्याचे शर्ट उलटून पाहत होती. "खिशाला शाई लागलीय. लिहू ना?"

"लिही बाई. नाहीतर उद्या तू माझ्यावरच केस करशील."

तिने लिहिलं नाही. पेन टोपणात घातलं. "दोन मिनिटं थांब," म्हणाली आणि मागे गेली.

कुठलं पावतीपुस्तक, हे शोधावं लागलं नाही. पत्र्याच्या पेटीत डाव्या बाजूला, खालून तिसरं. तिने ते काउंटरवर उघडून त्याच्याकडे फिरवलं. पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'घरचा' असं लिहिलं होतं. खाली ताईचं तेव्हाचं, आतापेक्षा टोकदार अक्षर:

'शर्ट १, फिकट निळा. पाठीवर लाल ऑइलपेंट, रुंद ब्रशने, अक्षरं चार. कॉलर मागून फाटलेली. वरची दोन बटणं ओढून तुटलेली, दोरे शिल्लक. पाठीला माती, पोटाला नाही.'

ड्रायव्हरने ते दोनदा वाचलं.

"अक्षरं?"

"हो."

कुठली, हे त्याने विचारलं नाही. तो शब्द त्याला नवा नव्हता. डेपोच्या संडासाच्या भिंतीपासून बसच्या मागच्या सीटपर्यंत सगळीकडे तो त्याच्या वाचनात आलेला होता.

"आणि तू धुतलास."

"इस्पितळाने पिशवी माझ्या हातात दिली. बाबा घरी बसले होते, शर्ट बघायला मागणार होते. माझ्याकडे तासभर होता."

"तू धुतलास, ताई."

"आधी टर्पेंटाईन. मग साबण. मग पुन्हा टर्पेंटाईन. मग कॉलर शिवली, बटणं लावली."

"पोलिसांनी शर्ट नेला होता ना?"

"तिसऱ्या दिवशी हवालदार मागायला आला. तेव्हा सांगता आलं असतं. मी कागदात गुंडाळून दिला. वर नंबरची पट्टीसुद्धा टाचली. हाताला सवय." तिने पावतीपुस्तक मिटलं. "चौथ्या दिवशी सांगायचं तर तिसऱ्या दिवशी का नाही बोलले, ते सांगावं लागलं असतं. मग महिना झाला. मग वर्ष."

ड्रायव्हरने काउंटरवरचे आपले तीन शर्ट आणि दोन पँटी गोळा केल्या. "दर शनिवारी," तो म्हणाला. "दर शनिवारी मी इथे उभा राहून म्हणायचो, ताई, एखादा पुरावा असता तर. आणि तू माझ्या हातात हँगर द्यायचीस. म्हणायचीस, सांभाळून, प्लीट मोडेल."

न धुतलेले कपडे काखेत मारून तो गेला. पुढच्या शनिवारी आला नाही.

तो बाराव्या दिवशी आला, गुरुवारी, ड्युटीवरून परस्पर. अंगातल्या गणवेशाच्या कॉलरजवळ तांबूस डाग होता.

"कुणी केली ही इस्त्री?"

"मी."

"दिसतंय. कापूस का नायलॉन, बघायचं तरी."

"ताई, तुझ्यावर रागवायला मला वेळ नाही. तीस तारीख आली." त्याने पिशवीतून पाच अर्ज काढले. चार भरलेले होते. आचाऱ्याच्या भावाने सही केली होती, विमा एजंटच्या मुलीने केली होती. मास्तरांच्या बायकोने या खेपेस पाणीही दिलं नव्हतं, पण अर्ज ठेवून घेऊन दुसऱ्या दिवशी डेपोत पाठवून दिला होता, सही करून. पाचव्या, बिननावाच्या माणसाच्या अर्जावर 'अर्जदाराचं नातं' या रकान्यात ड्रायव्हरने 'ओळखीचा' लिहिलं होतं.

"ओळखत होतास?"

"नाही. पण कुणीतरी ओळखत असेलच ना. तो येईपर्यंत मी."

धाकट्याच्या अर्जावर फक्त सही राहिली होती. जवळचे नातेवाईक म्हणजे वडील. आणि नियम असा की फायलीतला जुना जबाब ज्याचा, तो चुकीचा असल्याचं त्यानेच लिहून द्यायचं.

वडील एक्याऐंशी वर्षांचे. मालधक्क्यावर वजनकाट्याचे कारकून म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. ऐकू कमी येतं, दिसतं बऱ्यापैकी. त्या दुपारी चार वाजता ते पलंगावर बसून भिंग धरून वर्तमानपत्र वाचत होते. ताईने पंखा बंद केला, म्हणजे मोठ्याने बोलावं लागणार नाही.

"पंखा का घालवलास?"

"बाबा, धाकट्याच्या फायलीचं बोलायचंय."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पण पेपरची घडी केली नाही.

"समितीकडे अर्ज करतेय. तुमची सही लागेल. जुना जबाब बरोबर नव्हता, असं लिहून द्यायचंय."

"कुणी सांगितलं बरोबर नव्हता?"

"बाबा, तो आयुष्यात कधी सातच्या आत उठला नाही."

वडील पेपरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या हवालदाराने मला बाकावर बसवलं. भला माणूस होता, पाणी आणून दिलं. म्हणाला, काका, जागा तशी आहे. तिथे जाणारे लोक तसे आहेत. तपास काढला तर पेपरात येणार. घरात लेक आहे, तिची लाँड्री आहे, गिऱ्हाइकं घरंदाज. काय लिहू, तुम्ही सांगा. मी म्हटलं, फिरायला जायचा लिहा. तो म्हणाला, पाय घसरला तर बूट कसे होते? मी म्हटलं, नवे."

"नवे नव्हते."

"टाच पार झिजली होती. आदल्या आठवड्यात मीच ओरडलो होतो, टाकून दे ते म्हणून." त्यांनी आता पेपरची घडी घातली, नीट, कडांना कडा लावून. "मला वाटलं, तुला काही ठाऊक नाही."

"मला वाटलं, तुम्हाला."

मग तिने शर्टाचं सांगितलं. पावती दाखवली. वडिलांनी भिंग घेऊन ती ओळीओळीने वाचली, एखाद्या ट्रकचं चलन तपासावं तशी. बराच वेळ 'पाठीला माती, पोटाला नाही' या ओळीवर थांबले.

"म्हणजे पाठीवर पाडून धरला होता," ते म्हणाले.

"हो."

"आणि लिहिलं आधी का नंतर?"

"माहीत नाही, बाबा. पेंटवर माती होती. बहुतेक आधी."

"ऑइलपेंट निघतो?"

"चोवीस तासांच्या आत असला तर."

"सगळा निघाला?"

"शिवणीत राहिला थोडा. आतून."

"काय लिहिलं होतं?"

"ते तिथे सांगीन."

"इथे सांग. मला ते तिथे परक्या लोकांत पहिल्यांदा ऐकायचं नाही."

ताईने सांगितलं. तेवीस वर्षांत तो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता, आणि आवाज आपोआप खाली गेला होता. वडिलांनी कानामागे हात धरला. "काय?"

तिला तो पुन्हा, मोठ्याने सांगावा लागला. बाहेरच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या बाईचा हात थांबला. मग इस्त्री पुन्हा सुरू झाली.

वडिलांनी अर्ज मागितला, पूर्ण वाचला, एका ठिकाणी पत्त्यातला पिन कोड चुकला होता तो दुरुस्त केला, आणि सही केली.

सुनावणी सात आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी साडेअकराला होती. जुन्या सरकारी इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट बंद. जिन्याच्या पहिल्या वळणावर ड्रायव्हरने वडिलांचा दंड धरला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं.

"धाकट्याचे मित्र आहेत, बाबा," ताई म्हणाली.

"माहीत आहे मला. शनिवारी येतात." दहा पायऱ्या चढून झाल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, "धाकट्याला नेलं त्या दिवशी समोरच्या फुटपाथवर उभे होतात ना तुम्ही? सगळा वेळ. आत का नाही आलात?"

"कुणी बोलावलं नाही, काका."

"हं." आणखी एक मजला. "बोलवायला हवं होतं."

खोलीत लांब टेबल, तीन सदस्य, एक लघुलेखक आणि समितीच्या वकीलबाई. त्या दिवशीची ही त्यांची चौथी सुनावणी होती आणि जेवणानंतर आणखी पाच होत्या. त्या सभ्यपणे, भरभर बोलत. बागेच्या कामगाराला त्यांनी शोधून काढलं होतं. तो आता सत्तरीचा होता. त्याने सांगितलं, "पाठीवर लाल होतं. मला वाटलं रक्त." डॉक्टरांच्या अहवालात बाहेर रक्तस्राव नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. वकीलबाईंनी दोन्ही वाक्यं एकामागून एक वाचली आणि लघुलेखकाकडे वळून "हे शेजारी शेजारी घ्या" असं सांगितलं.

निवृत्त हवालदारही आला होता. त्याने पाच वेळा "आठवत नाही" म्हटलं. सहाव्यांदा म्हणाला, "बाई, तेव्हा अशा केसेसना कोण हात लावायचं? हात लावणाऱ्यालाच लोक विचारायचे, तुला का एवढा पुळका."

शर्टाबद्दल पोलिसांच्या कोठारातून लेखी उत्तर आलं होतं: वस्तू उपलब्ध नाही, 'नातेवाइकांना परत' अशी नोंद आहे. नोंदीत परत घेणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा होता. वडिलांनी तो कागद हातात घेतला. "मी चौतीस वर्षं दिवसाला साठ-साठ चलनांवर सही केली," ते म्हणाले. "अंगठा कुणाचा आहे, बघा."

मग ताईची पाळी.

"पावती तुम्हीच लिहिली," वकीलबाई म्हणाल्या. "शर्ट तुम्हीच धुतला. पुस्तक तुमच्याच पेटीत होतं. पावती मागाहून लिहिली, असं कुणी म्हणालं तर?"

"मागाहून कशी लिहिणार? नंबर छापील आहेत. त्याच्या आधीच्या पावतीवर शाळेतल्या बाईंचा कोट आहे. नंतरच्या पावतीवर पडद्यांची जोडी. दोन्हींवर गिऱ्हाइकाची सही आहे, तारीख आहे. कोटवाल्या बाई अजून येतात, हवं तर विचारा."

"रंग लिहिला, ब्रश लिहिला, बटणांचे दोरेसुद्धा लिहिले. मग शब्द का नाही लिहिला?"

"डागाचा रंग लिहितात, जागा लिहितात. डाग काय म्हणतो, ते लिहायची पद्धत नाही."

"आता सांगाल?"

ताईने सांगितला. एकदाच, ऐकू जाईल इतक्या आवाजात. लघुलेखकाने मान वर न करता उतरवून घेतला.

"का धुतला, हे नोंदवायला हवं," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि सकाळपासून जवळपास काही बोलले नव्हते.

"बाबांनी वाचू नये म्हणून."

"पोलिसांनी वाचायला हवा होता, हे लक्षात नाही आलं?"

"आलं," ताई म्हणाली. "धुऊन झाल्यावर."

वडिलांना बसून बोलायची परवानगी होती. ते उभे राहिले. जुना जबाब त्यांना वाचून दाखवला गेला.

"हा जबाब बरोबर आहे का?"

"खोटा आहे."

"कोणता भाग?"

"पहाटे, फिरायला आणि बूट. नाव बरोबर आहे. पत्ता बरोबर आहे."

"काका, खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, याची मला तुम्हाला कल्पना द्यावी लागते."

"शिक्षा किती असते?"

"इतक्या वर्षांनंतर, या वयात, तसं काही होणार नाही."

"ते नाही विचारलं. असते किती, ते विचारलं."

वकीलबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि खाली बसले. नंतर जिना उतरताना ते ताईला म्हणाले, "मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आहे."

ड्रायव्हरची साक्ष शेवटची, अकरा मिनिटांची. त्याने वही टेबलावर ठेवली. पाचही मृत्यूंचे वार, वेळा, अंतरं. पाचपैकी चार दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. दोन जणांच्या कपड्यांवर लाल रंग असल्याचं घरच्यांच्या आठवणीत, तेही कुणी कधी लिहून घेतलेलं नाही. सदस्यांपैकी एकाने विचारलं, "तुमचा यांच्यापैकी कुणाशी संबंध?" ड्रायव्हर म्हणाला, "एकाशी. दोन वर्षं." आणि वडिलांकडे बघितलं नाही.

निर्णयाचं पत्र साडेचार महिन्यांनी आलं, शनिवारी, साध्या टपालाने. ड्रायव्हर काउंटरवर होता. ताईने या वेळी चष्मा घातला आणि स्वतः वाचलं.

आचारी आणि विमा एजंट: पुराव्याअभावी जुना निष्कर्ष कायम. मास्तर आणि धाकटा: 'अपघाती' हा निष्कर्ष रद्द. 'मृत्यूचं कारण निश्चित नाही. द्वेषातून हल्ला झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. फेरतपासाची शिफारस.' पाचवा अर्ज: 'अर्जदार नातेवाईक नसल्यामुळे विचारात घेतला नाही.'

"नाकारता येत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणजे हो का नाही?"

"म्हणजे 'अपघाती' खोडलं."

"आणि जागेवर काय लिहिलं?"

"काही नाही."

त्याने वही काढली, धाकट्याच्या पानावर पत्राचा जावक क्रमांक लिहिला, मास्तरांच्या पानावर लिहिला. विमा एजंटच्या मुलीला फोन कसा करायचा, असं ताईला विचारलं. ताई म्हणाली, "मी करते." तिने केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "ठीक आहे, मावशी, निदान कुणी वाचलं तरी."

वडिलांना पत्र आत नेऊन दिलं. त्यांनी ते भिंगाने वाचलं आणि विचारलं, मृत्यूच्या दाखल्यावरही बदल होणार का. ताईने सोमवारी पालिकेत चौकशी केली. खिडकीवरच्या कारकुनाने पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि सांगितलं, शिफारशीवर दाखला बदलत नाही. फेरतपास पूर्ण होऊन त्याचा निष्कर्ष आला की बदलतो. तोपर्यंत दाखल्यावर 'अपघाती' राहील.

फेरतपासाची शिफारस त्याच पोलीस ठाण्याकडे गेली आहे, जिथे पहिली फाइल नऊ दिवसांत बंद झाली होती. ठाण्याच्या आवकेत पत्राची नोंद अकरा तारखेची आहे. पाचव्या माणसासाठी ड्रायव्हरने दुसरा अर्ज केला आहे, त्याची पोच आलेली नाही. दोन्ही जुन्या प्रकरणांसाठी मिळून एक तपास अधिकारी नेमायचा आहे. गेल्या बुधवारी ताईने ठाण्यात फोन केला, तेव्हा तो नेमलेला नव्हता.